हँडीकॅम घेताय? आधी घरचा कॉम्प्युटर बघा, मग कॅमेरा

यवतमाळ : तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते. पाठोपाठ शंकरपट, सप्ताह, यात्रा. कापसाचे पैसे हाती आले की गावातली पोरं शूटिंगच्या धंद्यासाठी कॅमेरा घ्यायचं मनावर घेतात. दुकानात बहुतेक जण झूम आणि किंमत विचारतात. कॅमेऱ्यात फाइल कोणती तयार होते, हे विचारायचं राहून जातं. मग लग्न पार पडतं, कार्ड कॉम्प्युटरला लागतं आणि व्हिडिओ एक तर उघडत नाही, नाहीतर अडकत चालतो. लग्न काही पुन्हा लावता येत नाही. म्हणून खरेदीचा क्रम उलटा धरावा : आधी कॉम्प्युटर, मग सॉफ्टवेअर, शेवटी कॅमेरा.

कॉम्प्युटर आणि सॉफ्टवेअर

फुल एचडी व्हिडिओच्या एडिटिंगला किमान ८ जीबी रॅम लागते, फोर-केला १६ जीबी. शॉटकट आणि केडेनलाइव्ह ही सॉफ्टवेअर पूर्ण मोफत आहेत आणि साध्या लॅपटॉपवर चालतात. दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्तीही चांगली, पण तिला दमदार मशीन पाहिजे. जुन्या लॅपटॉपवर फोर-केच्या नादी लागू नये. गावातल्या कामाला फुल एचडी पुरतं.

फाइल कोणती?

- एमपी४ (एच.२६४) : सगळ्यात बिनधोक. कॉम्प्युटरवर उघडते, फोनवरही चालते.
- एव्हीसीएचडी : सोनी आणि पॅनासॉनिकने २००६ मध्ये आणलेला प्रकार. फाइलच्या नावापुढे एमटीएस लिहिलेलं असतं. वरची तिन्ही सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर ती घेतात, पण फोनच्या अ‍ॅपमध्ये बहुधा अडते. लांब शूटिंगचे तुकडे पडतात, म्हणून कार्डातलं पूर्ण फोल्डर कॉपी करावं.
- एच.२६५ : जागा कमी घेते, पण जुना कॉम्प्युटर दमतो.

फाइल अडलीच तर हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरने एमपी४ करता येते. पण दर लग्नाला तासन्‌तास त्यातच जातात.

टेपचा कॅमेरा स्वस्त, पण...

जुन्या बाजारात मिनी-डीव्ही टेपचे कॅमेरे अगदी कमी पैशात मिळतात. त्यांचा व्हिडिओ नीट उतरवायला फायरवायर पोर्ट लागतो आणि आजच्या लॅपटॉपला तो नसतो. शिवाय एक तासाची टेप उतरवायला एक तासच लागतो. घेऊ नये हे बरं.

सेटिंग : २५ किंवा ५०

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. म्हणून कॅमेरा २५ किंवा ५० फ्रेमवर आणि शटर १/५० वर ठेवावं. ३० किंवा ६० वर ठेवलं तर मंगल कार्यालयातल्या ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं. ‘५०आय’ असं लिहिलेलं असेल तर धावत्या बैलजोडीवर आडव्या रेषा दिसतात. ‘५०पी’ किंवा ‘२५पी’ निवडावं.

फोन आणि कॅमेरा दोन्हीने शूटिंग करणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. फोनची फ्रेम कमीजास्त होत राहते, त्यामुळे एडिटिंगमध्ये आवाज आणि ओठ मागेपुढे होतात. फोनची फाइल आधी ठरावीक फ्रेमवर बदलून घ्यावी.

झूम आणि माइक

फक्त ऑप्टिकल झूम धरावा. डिजिटल झूममध्ये चित्र फाटतं. अनोळखी नावाच्या अगदी स्वस्त ‘फोर-के’ कॅमेऱ्यांत बऱ्याचदा खरा झूमच नसतो.

बाहेरचा माइक लावायची जागा आहे का, तेही बघावं. उदाहरणार्थ, सोनीच्या एचडीआर-सीएक्स४०५ मध्ये ३० पट ऑप्टिकल झूम आहे, पण माइकची जागा नाही. अशा वेळी कीर्तनकाराजवळ एक फोन रेकॉर्डिंगला ठेवावा, सुरुवातीला जोरात टाळी वाजवावी आणि एडिटिंगमध्ये त्या टाळीवर दोन्ही आवाज जुळवावेत.

कार्ड

क्लास १० च्या खालचं कार्ड नको, फोर-केला व्ही३० घ्यावं. ५० एमबीपीएसवर एका तासाला साधारण साडेबावीस जीबी लागतात, म्हणजे ६४ जीबीचं कार्ड साधारण पावणेतीन तासांत भरतं. नकली कार्डावर आकडा मोठा आणि जागा कमी असते. एच२टेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रामने कार्ड तपासूनच कामाला न्यावं.

पैसे देण्याआधी

१. आपलं कार्ड आणि लॅपटॉप दुकानात सोबत न्यावा.
२. ट्यूबलाइटखाली पाच मिनिटं शूटिंग करावं, थोडा झूम मागेपुढे करावा.
३. फाइल लॅपटॉपवर घेऊन कापावी, जोडावी आणि एक मिनिटाचा व्हिडिओ पूर्ण तयार करून बघावा.
४. जुना कॅमेरा असेल तर लेन्स झाकून थोडं शूटिंग करावं. काळ्या चित्रात पांढरे ठिपके दिसले तर सेन्सर खराब समजावा.
५. बॅटरी किती वेळ टिकते ते बघावं. त्या मॉडेलची दुसरी बॅटरी मिळते का, ते विचारावं.
६. पक्कं बिल घ्यावं.

दुकानदार ही तपासणी करू देत नसेल तर दुसरं दुकान बघावं. आणि काम झाल्यावर कार्ड लगेच रिकामं करू नये. व्हिडिओ दोन ठिकाणी कॉपी करावा, गिऱ्हाइकाच्या हाती पेनड्राइव्ह पडला की मगच कार्ड पुसावं.