हेलिगोलँड बेटावरील दुर्मीळ पक्ष्यांच्या नोंदी आणि पुराव्याचा प्रश्न (१८३७–१८९७)

प्रस्तावना

पक्ष्यांच्या स्थलांतराविषयीच्या नोंदी सामान्यतः जीवशास्त्राच्या अभ्यासकाकडे सोपवल्या जातात. इतिहासाचा अभ्यासक त्यांच्याकडे क्वचितच वळतो. वस्तुतः 'अमुक किनाऱ्यावर अमुक पक्षी दिसला' या विधानाची परीक्षा आणि 'अमुक घटना घडली' या विधानाची परीक्षा यांत तत्त्वतः फरक नाही. कोणी पाहिले, केव्हा पाहिले, त्याच वेळी लिहून ठेवले की मागाहून आठवून, आणि पाहणाऱ्याला काय दिसावे असे वाटत होते, हे प्रश्न दोन्हीकडे सारखेच लागू पडतात. उत्तर समुद्रातील हेलिगोलँड बेटावर हाइनरिश गेटके यांनी अर्धशतकाहून अधिक काळ ठेवलेल्या नोंदी या दृष्टीने तपासण्याजोग्या आहेत. त्यांच्या नोंदी टिकल्या, परंतु त्यांवरून त्यांनी काढलेली काही अनुमाने कोसळली. असे का घडले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बेट आणि बेटकरी

हेलिगोलँड हे जर्मनीच्या किनाऱ्यापासून सुमारे ५० किलोमीटर अंतरावरील तांबड्या वालुकाश्माचे बेट आहे. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ जेमतेम एक चौरस किलोमीटर. शेजारी 'ड्यून' नावाचा वाळूचा सखल तुकडा आहे. १८०७ मध्ये ब्रिटिशांनी हे बेट डेन्मार्ककडून घेतले आणि १८९० मध्ये पूर्व आफ्रिकेतील हक्कांच्या वाटाघाटीत ते जर्मनीला दिले. झांझिबारचे नाव ज्या कराराशी जोडले गेले तो हाच करार.

शरद ऋतूत उत्तर व पूर्व युरोपातून दक्षिणेकडे निघालेल्या पक्ष्यांना खुल्या समुद्रात टेकण्यासाठी हे एवढेच स्थान. त्यातही ढगाळ, अमावास्येच्या आसपासच्या रात्री दीपगृहाच्या प्रकाशाकडे चंडोल, थ्रश व मैनेच्या कुळातील स्टार्लिंग हजारोंच्या संख्येने ओढले जात. दिशा हरवलेले पक्षी प्रकाशझोतात घिरट्या घालत, काचेवर आदळत. बेटकऱ्यांच्या दृष्टीने हा अन्नाचा हंगाम होता. झाडे जवळजवळ नसलेल्या त्या बेटावर लोक फांद्या रोवून कृत्रिम झुडपे उभारत, त्यांना जाळे लावत आणि आसऱ्याला शिरलेले थ्रश हाकून जाळ्यात घेत. अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्या पक्षी हाताळणाऱ्या लोकांना नेहमीचा पक्षी कोणता आणि परका कोणता, हे पुस्तकावाचून कळत होते. गेटके यांना मिळालेले अनेक दुर्मीळ पक्षी अशाच स्थानिक शिकाऱ्यांनी आणून दिलेले होते. ऑयकेन्स कुटुंबातील व्यक्तींचा उल्लेख त्यांनी स्वतः केला आहे. विज्ञानाच्या इतिहासात या बेटकऱ्यांना जितके स्थान मिळाले त्याहून अधिक मिळावयास हवे होते.

चित्रकाराची नोंदवही

गेटके यांचा जन्म १८१४ मध्ये ब्रांडेनबुर्गमधील प्रिट्झवाल्क येथे झाला. १८३७ मध्ये ते समुद्राची चित्रे काढण्यासाठी हेलिगोलँडला आले आणि तेथेच स्थायिक झाले. पुढे ब्रिटिश गव्हर्नरांचे शासकीय सचिव म्हणून त्यांनी काम केले. त्यांना पक्षिशास्त्राचे औपचारिक शिक्षण नव्हते. परंतु रंगछटांची पारख होती, एकाच जागी राहण्याचे स्थैर्य होते आणि दररोज वारा, आभाळ व पक्षी यांची नोंद करण्याची चिकाटी होती. या नोंदींवर आधारलेला 'डी फोगेलवार्टे हेल्गोलांड' हा ग्रंथ १८९१ मध्ये, त्यांची सत्तरी उलटल्यावर, ब्राउनश्वाइग येथून प्रसिद्ध झाला. इंग्रजी भाषांतर १८९५ मध्ये आले. एवढ्याशा बेटावरून त्यांनी जवळजवळ ४०० जातींची नोंद केली होती.

या यादीतील काही नावे युरोपीय विद्वानांना बुचकळ्यात टाकणारी होती. ४ ऑक्टोबर १८४३ रोजी तेथे ईस्टर्न क्राउन्ड वॉर्बलर हा पूर्व आशियातील पर्ण वटवट्या मिळाला. या जातीचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले ते १८४७ मध्ये; म्हणजे पक्षी बेटावर आधी पोचला आणि त्याचे नाव मागाहून. १९ नोव्हेंबर १८५८ रोजी उत्तर अमेरिकेतील ब्लॅक-थ्रोटेड ग्रीन वॉर्बलर मिळाला. सायबेरियातील यलो-ब्राउड वॉर्बलर आणि रिचर्ड्स पिपिट हे तर तेथे वारंवार आढळत. गेटके यांच्या यादीत भोरडीही आहे. जोंधळा हुरड्यात आला की महाराष्ट्रातील शेतकरी जिच्यासाठी गोफण घेऊन माळ्यावर उभा राहतो, तिची उत्तर समुद्रातील खडकावर मात्र अपूर्वाई होती. दुर्मीळता हा पक्ष्याचा गुण नसून स्थळ आणि पक्षी यांच्यातील संबंध आहे, हे या एका उदाहरणावरून ध्यानात येते.

अशा नोंदींवर शंका घेतली जाणे स्वाभाविक होते. त्या काळी दुर्मीळ पक्षी सिद्ध करण्याचा मार्ग बंदुकीतून जात असे. नुसत्या डोळ्यांनी पाहिलेल्या पक्ष्याला प्रमाण मानले जात नसे. पेंढा भरलेला नमुना हाच दस्तऐवज. गेटके यांच्या संग्रहात असे नमुने होते आणि ते पाहण्यासाठी जॉन कॉर्डो, हेन्री सीबोम यांसारखे इंग्रज अभ्यासक बेटावर येऊन गेले. सीबोम यांनी 'सायबेरिया इन युरोप' (१८८०) या ग्रंथात हेलिगोलँडवर प्रकरणच लिहिले. अपूर्व नोंदींना मान्यता मिळाली ती या नमुन्यांमुळे.

मौनाचा अर्थ

नोंदींच्या बाबतीत इतके काटेकोर असलेले गेटके अनुमानाच्या बाबतीत मात्र फसले. ब्लूथ्रोट या चिमणीएवढ्या, निळ्या गळ्याच्या पक्ष्याचे उदाहरण बोलके आहे. हा पक्षी हिवाळ्यात ईजिप्तमध्ये असतो आणि वसंतात परतीच्या वाटेवर हेलिगोलँडला उतरतो, हे त्यांना ठाऊक होते. मधल्या प्रदेशांतून त्याच्या वासंतिक नोंदी जवळजवळ नव्हत्या. यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की, तो मध्ये कोठेही न उतरता सुमारे १,६०० मैलांचे अंतर एका रात्रीत, नऊ तासांत, म्हणजे ताशी सुमारे १८० मैल वेगाने कापतो. आज ज्ञात असलेला अशा लहान पक्ष्यांचा वेग, वाऱ्याची मदत वगळता, ताशी साधारण ३० ते ५० किलोमीटर आहे. पक्षी ३५,००० फुटांपर्यंतच्या उंचीवरून प्रवास करतात हे त्यांचे मतही असेच अतिशयोक्त ठरले.

येथे चूक निरीक्षणाची नाही. साधनांच्या मौनाचा अर्थ लावण्याची आहे. ब्लूथ्रोट मधल्या प्रदेशांत दिसला नाही, कारण दलदलीच्या गवतात लपणाऱ्या या पक्ष्याकडे तेथे रोज डोळे लावून बसलेले कोणी नव्हते. नोंदींतील पोकळी ही निरीक्षकांच्या अभावाची होती, ती गेटके यांनी पक्ष्यांच्या अभावाची मानली. दफ्तरात कागद नाही म्हणून त्या गावी काही घडलेच नाही असे म्हणणारा इतिहासकार याहून वेगळे काय करतो? गेटके यांच्या विरोधकांकडेही निरीक्षकांचे दाट जाळे नव्हते, हे मात्र नमूद केले पाहिजे.

ही पोकळी भरण्याचे प्रयत्न त्यांच्या हयातीतच सुरू झाले होते. १८८० ते १८८७ या काळात ब्रिटिश असोसिएशनच्या समितीने दीपगृहांच्या रखवालदारांकडून छापील तक्त्यांवर स्थलांतराच्या नोंदी मागवल्या. त्या सामग्रीचा गोषवारा तयार करणारे विल्यम ईगल क्लार्क यांनी १९०५ पासून स्कॉटलंडच्या उत्तरेकडील फेअर आयल बेटावर स्वतः निरीक्षण सुरू केले. तेथेही शरद ऋतूत सायबेरियातील पाहुणे निघू लागले. हेलिगोलँड हा चमत्कार नव्हता. तेथे पाहणारा माणूस होता.

पाल्मेन या फिनलंडच्या अभ्यासकाशी गेटके यांचा जो मतभेद होता, त्यात मात्र गेटके यांची बाजू बरीच सरस ठरली. पक्षी किनारे व नद्यांच्या ठरावीक वाटांनी जातात असे पाल्मेन यांचे प्रतिपादन होते. गेटके यांच्या मते ते विस्तृत आघाडीने प्रदेश ओलांडतात. विसाव्या शतकात रडारवर उमटलेल्या रात्रीच्या स्थलांतराने या दुसऱ्या मताला पुष्कळ आधार दिला.

उत्तरकाळ

गेटके १ जानेवारी १८९७ रोजी बेटावरच निवर्तले. दोनच वर्षांनी डेन्मार्कमधील व्हिबोर्ग येथे हान्स ख्रिश्चन मॉर्टेनसेन यांनी स्टार्लिंगच्या पायात क्रमांकित कडी घालण्यास आरंभ केला. पक्षी न मारता त्याची ओळख कायम ठेवणारा हा पुरावा नव्या जातीचा होता. हेलिगोलँडवर ह्यूगो वायगोल्ड यांनी १९०९ मध्ये हे काम हाती घेतले आणि १९१० मध्ये तेथे पक्षिनिरीक्षण केंद्र रीतसर स्थापन झाले. त्याला नाव मिळाले ते गेटके यांच्या ग्रंथाचे.

पहिल्या महायुद्धानंतर वायगोल्ड यांनी जिवंत पक्षी पकडण्यासाठी झुडपांवर जाळीचा रुंद तोंडाचा, आत निमुळता होत जाणारा बोगदा उभारला. मूळ कल्पना बेटकऱ्यांच्या थ्रश पकडण्याच्या झुडपांची होती. थ्रश आता ताटात न जाता पायात कडी घेऊन पुढे जाऊ लागला. ही रचना 'हेलिगोलँड सापळा' या नावाने अनेक देशांतील केंद्रांनी स्वीकारली. एप्रिल १९४५ च्या बॉम्बवर्षावात बेटावरील वस्ती उद्ध्वस्त झाली. १९४७ मध्ये ब्रिटिशांनी तेथील लष्करी बांधकामे प्रचंड स्फोटाने उडवली. त्याच वर्षी संस्थेचे मुख्यालय विल्हेल्म्सहाफेन येथे गेले. १९५२ मध्ये बेट जर्मनीला परत मिळाल्यावर १९५३ मध्ये तेथील शाखा पुन्हा उघडण्यात आली आणि शरद ऋतूतील पक्ष्यांच्या पायात पुन्हा कडी पडू लागली.