यमकाची जागा : अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर

काव्यशास्त्र म्हटले की आपणांस शाळेतली वही आठवते. उपमेय कोणते, उपमान कोणते, गण पाडा, वृत्त ओळखा. परीक्षा संपते आणि ती वही माळ्यावर जाते. परंतु अलंकार आणि छंद परीक्षेसाठी जन्मलेले नाहीत. हाताशी पोथी नसताना शब्द जवळ कसा राखावयाचा, या गरजेशी त्यांचे नाते आहे. हे पाहावयास फार दूर जावयास नको. अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर ही आपली तीन गावे पुरेशी आहेत.

अंबरनाथच्या शिवालयातील संस्कृत शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, असून त्यात शिलाहार राजा मम्वाणी याचे नाव आहे. यालाच मुम्मुणी असेही म्हणतात. याच मुम्मुणीचा व त्याच्या वडील भावांचा आश्रय सोड्ढल नावाच्या कवीला लाभला होता. सोड्ढल हा मूळचा लाट देशाचा, म्हणजे आजच्या दक्षिण गुजरातेकडचा. कोकणच्या दरबारी तो बाहेरून आलेला. त्याने संस्कृतात ‘उदयसुंदरीकथा’ हे चंपूकाव्य रचले. गद्य आणि पद्य यांच्या मिश्रणास चंपू म्हणतात. बाणभट्टाच्या वळणाची ही अलंकारांनी गच्च भरलेली रचना. असले काव्य समजावयास कठीण वाटले, तर वालधुनीच्या काठी देवळासमोर उभे राहावे. शिखराच्या उरलेल्या भागावर छोट्या शिखरांच्या रांगा एकीवर एक चढत गेलेल्या दिसतात. एकच आकार पुनःपुन्हा येतो, आणि त्या पुनरावृत्तीनेच शोभा येते. अनुप्रास म्हणतात तो यालाच. तेथे अक्षर, येथे पाषाण.

दरबारी काव्याच्या शेजारीच दुसरे एक काव्य नांदत होते. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या इ. स. ११२९ च्या ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे. बदलापूरचा परिसर हा भाताचा मुलूख. भात कांडणे म्हणजे काय, हे तेथील जुन्या घरांना सांगावयास नको. मुसळाच्या घावाबरोबर शब्द पडावयाचा, हीच त्या छंदाची मात्रा. पुढे इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ सांगावयास ओवीच निवडली. तिचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात. चौथा आखूड, आणि यमकातून सुटलेला.

आता तिसऱ्या गावाकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधमधून आलेले लाखाच्या आसपास निर्वासित उतरले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे उल्हासनगर झाले. घर, शेत, दुकान सारे मागे राहिले; सोबत आली ती भाषा, आणि त्या भाषेतले शाह अब्दुल लतीफ (१६८९–१७५२), सचल सरमस्त आणि सामी हे तिचे तीन थोर कवी. शाहांच्या काव्यात मारुईची कथा आहे. उमरकोटच्या राजाने कोंडलेली ही खेड्यातली मुलगी महालातली सुखे नाकारते आणि आपल्या मलीरसाठी झुरते. ही कथा बराकीत बसून ऐकणाऱ्याच्या मनात काय होत असेल, ते सांगावयास भाष्यकाराची गरज नाही.

शाहांचा मुख्य छंद ‘बैत’. त्याची एक मौज लक्षात घेण्याजोगी आहे. आधीच्या ओळींचे यमक शेवटी येते, पण अखेरच्या ओळीत ते बहुधा मध्येच येऊन जाते, आणि ओळीचा शेवट मोकळा राहतो. ओवीतही शेवटचा चरण मोकळाच. दोन्हीकडे कान यमकाची वाट पाहतो आणि शेवटी ते मिळत नाही. मन पुढे सरकते, गाणारा पुढली रचना हाती घेतो. रेल्वेच्या एकाच मार्गावर शेजारी राहणाऱ्या दोन भाषांचे हे साम्य आपण कधी ऐकलेच नाही, कारण आपण यमकाची व्याख्या पाठ केली; यमकाची जागा पाहिली नाही.

काव्याचे प्रकार तर नेहमीच गावे बदलत आले आहेत. केशवसुतांनी १८९२ मध्ये इंग्रजीतले सुनीत मराठीत आणले. फारसीचे अध्यापक असलेल्या माधव जूलियनांनी गझल रुजविली. त्यांची ‘गज्जलांजलि’ १९३३ ची. आज या दोहोंना कोणी परके म्हणत नाही.

मात्र एक धोका आहे. सिंधीची रूढ लिपी अरबी वळणाची, बावन्न अक्षरांची; १८५३ मध्ये ठरलेली. ती वाचता न येणारी नातवंडे आजोबांच्या घरात वाढत आहेत. जात्याबरोबर ओवीही आपल्या घरांतून उठली. तेव्हा पोथी दोन्हीकडे मिटत चालली आहे. उरला आहे तो कान. म्हणून माझी सूचना साधी आहे. मुलांना वृत्ताचे नाव सांगण्यापूर्वी घरातल्या आजीकडून एक ओवी आणि शेजारच्या आजोबांकडून एक बैत ऐकवावी. यमक कोठे पडले, एवढेच विचारावे. व्याख्या मागाहून सांगता येईल. ऐकविणारे माणूस मागाहून मिळेलच असे नाही.