मांड कशी बसते? मुंबईचे घोडे आणि आत्मविश्वासाचं मोजमाप

पीएचडीच्या पहिल्या वर्षात गाईडकडून हमखास ऐकू येणारा प्रश्न म्हणजे, "घोडं कुठं अडलंय?" मराठीत घोड्यावाचून आपलं पान हलत नाही. उशिरा सुचलं की वरातीमागून घोडं, निकाल जवळ आला की घोडामैदान जवळच, नुसती संख्या वाढवली की खोगीरभरती. विषयावर पकड आली की आपण म्हणतो, मांड बसली. प्रत्यक्षात मात्र गिरगाव, दादर, लालबागमधल्या आपल्यापैकी बहुतेकांचा घोड्याशी संबंध माथेरानच्या एका फेरीपुरता आणि लग्नातल्या नवरदेवापुरता.

घोडेस्वारी शिकली की आत्मविश्वास वाढतो, असं सगळेच सांगतात. असेलही. पण विज्ञान शिकलेल्या माणसाच्या मनात लगेच येतं, की मोजला कसा? कुणाशी तुलना करून? ज्यांना फी परवडते, ज्यांना घोड्यावर बसावंसं वाटतं, त्यांचा आत्मविश्वास मुळातच जास्त असेल तर श्रेय घोड्याला कसं द्यायचं? मला यावर सगळ्यात जास्त शिकवलं ते एका जुन्या परीक्षेच्या निकालाने.

इंडियन सिव्हिल सर्व्हिसची लेखी परीक्षा पास झाली तरी उमेदवारी संपताना घोडेस्वारीची चाचणी द्यावी लागे. नियम अगदीच बिनबुडाचा नव्हता, जिल्ह्यात दौरे घोड्यावरून व्हायचे. अरविंद घोष १८९० मध्ये लेखी परीक्षेत अकरावे आले. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात शिकत होते. १८९२ मध्ये ते सेवेतून बाद झाले, कारण घोडेस्वारीची अट पुरी झाली नाही. शेवटच्या संधीला तर ते हजरच राहिले नाहीत.

आता संशोधक म्हणून या निकालाकडे बघा. कागदावर एकच ओळ आहे, पण तिची निदान तीन स्पष्टीकरणं संभवतात. एक, त्यांना घोड्यावर बसता येत नव्हतं. दोन, सरावाला पैसा नव्हता. वडिलांकडून येणारे पैसे अनियमित असत, भावंडांनी इंग्लंडमध्ये चांगलीच ओढाताण सोसली होती आणि घोडा ही काही फुकट मिळणारी वस्तू नव्हे. तीन, त्यांना ही नोकरी करायचीच नव्हती. पुढे त्यांनी स्वतः हे तिसरं कारण सांगितलं. पण आधी क्रांतिकारक आणि मग योगी झालेल्या माणसाने मागे वळून दिलेलं कारण हा सुद्धा एक पुरावाच आहे, आणि तोही तपासूनच घ्यावा लागतो. मला स्वतःला दुसरं आणि तिसरं कारण एकमेकांत मिसळलेलं वाटतं. जी गोष्ट परवडत नाही ती नको आहे असं ठरवणं माणसाला सोपं जातं.

म्हणजे चाचणी मोजायला निघाली होती अधिकाऱ्याचं कौशल्य (आणि थोडा रुबाब), पण निकालात घोडा कुणाच्या आवाक्यात आहे हेही मिसळलं. तुमच्या प्रश्नावलीतही हे होऊ शकतं. मोजायचं एक असतं आणि मोजलं जातं भलतंच.

गोष्ट इथे संपत नाही. लंडनमध्ये सयाजीराव गायकवाडांनी अरविंदांना बडोद्याच्या नोकरीत घेतलं. ६ फेब्रुवारी १८९३ ला ते मुंबईत अपोलो बंदरावर उतरले. त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून मुंबईच्या 'इंदुप्रकाश'मध्ये त्यांची लेखमाला सुरू झाली. काँग्रेसच्या अर्ज-विनंत्यांच्या राजकारणावर ती इतकी जहाल होती, की न्यायमूर्ती रानड्यांनी मालकांना सावध केलं आणि पुढचे लेख बरेच सौम्य झाले. तेव्हा लेखकाचं वय एकवीस! हा आत्मविश्वास नसलेला माणूस होता असं कोण म्हणेल?

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये नेमकं हेच मांडलं. 'मला हे जमेल' ही भावना सरसकट नसते, ती त्या-त्या कामापुरती असते. ती येते चार वाटांनी. स्वतः करून पाहिल्याने, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना पाहून, कुणी धीर दिल्याने आणि आपल्या शरीराच्या खुणा आपण कशा वाचतो यावरून. यात सगळ्यात भक्कम वाट पहिली. 'तू करू शकतोस' हे वाक्य बिचारं फारच कमी पुरतं.

चौथी वाट घोड्याच्या बाबतीत भलतीच मजेदार होते, कारण तिथे शरीरं दोन असतात. २००९ मध्ये लिंडा कीलिंग आणि सहकाऱ्यांचा स्वीडनमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. माणसांनी घोडा ठरलेल्या अंतरावर नेऊन आणायचा, काही जणांनी लगाम धरून चालत, काहींनी वर बसून. चौथ्या फेरीआधी त्यांना सांगितलं की या वेळी वाटेत छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्यांच्याबरोबर घोड्यांचेही. घोड्याला छत्रीचा बेत कुणी सांगितला नव्हता! हृदयाचा वेग म्हणजे भीती नव्हे, आणि प्रयोगही लहान होता, हे धरूनसुद्धा मला त्याची रचना फार आवडते. भीतीचं खरं कारण काढून टाकलं आणि फक्त माणसाची अपेक्षा शिल्लक ठेवली.

म्हणूनच घोड्यावर उसना आत्मविश्वास चालत नाही. शिकवण्याची पद्धतही तेच गृहीत धरते. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर १९४२ पासून अमॅच्युअर रायडर्स क्लब आहे. शर्यतीतून निवृत्त झालेल्या घोड्यांना तिथे दुसरं काम मिळतं. सुरुवातीच्या धड्याची जगभर चालणारी रीत साधीच आहे. शिक्षक मध्यभागी लांब दोरी धरून उभा, घोडा त्याच्याभोवती गोल फिरतो आणि शिकणाऱ्याच्या हातात लगामसुद्धा नसतो. आधी तोल. मग दुडकी चाल. तिच्यात घोड्याचे तिरके दोन पाय एकदम पडतात, म्हणून दोनच ठोक्यांचा ताल असतो आणि त्या तालावर उठत-बसत राहायचं. ताल चुकला की पाठीचा कणा लगेच कळवतो. मांड बसते ती अशा शेकडो उठाबशांनंतर. लगाम हातात येतो तेव्हा शिकणाऱ्याला आपण काय करू शकतो हे माहीत झालेलं असतं.

पण स्वार एकटा घडत नाही, आणि ही बाजू इतिहासात लवकर पुसली जाते. शिवकालीन पागेची रचना बघा. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, स्वतःचा घोडा आणि हत्यार आणणारा शिलेदार. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. स्वाराच्या मांडीखालच्या विश्वासात पाणी घालणारा आणि नाल ठोकणारा असे दोघेही धरलेले होते.

मुंबईतही तेच. ९ मे १८७४ ला इथे घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि १९०५ पर्यंत चालली. उन्हाचा झटका बसू नये म्हणून त्या घोड्यांच्या डोक्यावर टोप्या असत. परळला दिनशा पेटिटांच्या देणगीतून जनावरांचं इस्पितळ उभं राहिलं आणि १८८६ मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय. घोडा ओळखणारी माणसं या शहरात भरपूर होती. मोतद्दार, नालबंद, ट्राम हाकणारे. त्यांच्यासाठी ना कुठली चाचणी होती ना प्रमाणपत्र.

अशी साखळी तुटली की काय होतं ते मुंबई पोलिसांच्या अश्वदलात दिसतं. रस्त्यावर मोटारी वाढल्या आणि १९३२ मध्ये दल बंद झालं. ते परत आणायचं ठरलं २०२० मध्ये, दादरच्या शिवाजी पार्कवरच्या २६ जानेवारीच्या संचलनाच्या निमित्ताने. मध्ये अठ्ठ्याऐंशी वर्षं गेलेली. घोडे विकत घ्यायचे, मरोळला तबेला उभारायचा, शिपायांना स्वार म्हणून तयार करायचं. तबेल्यात एका पिढीने दुसऱ्या पिढीला हाताने दिलेलं ज्ञान कुठल्याही फाइलीत सापडत नाही.

शोधनिबंधासाठी विषय हवा असेल तर हा घ्या. त्या पुनरागमनाच्या पाचच वर्षं आधी, २०१५ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदेशीर ठरवल्या. घोड्यांचे हाल बघता निर्णयाशी माझं भांडण नाही. पण गाडी चालवणाऱ्यांच्या पुनर्वसनात चर्चा झाली ती रोख रकमेची आणि फेरीवाल्याच्या परवान्याची. काळा घोडा ते गिरगाव चौपाटी, भर वाहतुकीत घोडा शांत ठेवणारी ही माणसं. त्यांच्याकडे असलेल्या कौशल्याचं नाव काय, ते कुणी कुणाकडून शिकलं, हे नोंदवून घ्यायला त्यांच्यातली काही माणसं अजून भेटू शकतील.