शोबदा, नजरबंदी आणि खोटा माल

उर्दूत ‘शोबदा’ असा एक शब्द आहे. मूळ अरबी. हाताच्या चलाखीने बघणाऱ्याची नजर फसवायची, तो शोबदा. आणि करणारा तो शोबदाबाज. मराठीत आपण त्याला नजरबंदी म्हणतो, हातचलाखी म्हणतो. दोन्ही भाषा शिकवताना मला एक गोष्ट नेहमी खटकते. बोलताना आपण सगळ्यांना एकाच ‘जादू’च्या पोत्यात भरतो. रस्त्यावर तीन वाट्या आणि गोळीचा खेळ करून पोट भरणारा जादूवाला, आणि ‘तुमच्यावर कुणीतरी केलंय’ असं सांगून बाईच्या अंगावरचं सोनं काढून नेणाराही जादूवालाच. एक खेळ विकतो, दुसरा खोटा माल विकतो.

हा फरक आठशे वर्षांपूर्वी एका माणसाने फार बारकाईने पाहिला होता. त्याचं नाव अल-जौबरी. दमास्कसजवळच्या जौबर गावचा म्हणून जौबरी. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात तो शहरोशहरी फिरला, बाजार पाहिले, ठगांमध्ये बसला. आमिद (म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं दियारबकिर) आणि हिस्न कैफा इथे तेव्हा अर्तुकी घराण्याचा अल-मलिक अल-मसऊद राज्य करत होता. त्याच्या दरबारात फसवणुकीच्या विद्येवरच्या एका जुन्या पुस्तकाची चर्चा निघाली आणि सुलतानाने जौबरीला त्याहून सोपं, त्याहून चांगलं पुस्तक लिहायला सांगितलं. त्यातून तीस प्रकरणांचा ग्रंथ तयार झाला. त्याच्या नावाचा अर्थ साधारण असा : रहस्यं उघडी करण्याविषयी आणि पडदे फाडण्याविषयी निवडक मजकूर. 2020 मध्ये हम्फ्री डेव्हिस यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं.

या पुस्तकात कोण नाही? खोटे नबी, ढोंगी शेख, पैसे उकळणारे वाइज, दातातला किडा काढून दाखवणारे रस्त्यावरचे वैद्य, घोड्याला रंग लावून विकणारे, मसाल्यात आणि औषधात भेसळ करणारे अत्तार, सराफ, आणि हो, हातचलाखीचे खेळ करणारेही. जादूगार आणि भेसळ करणारा दुकानदार शेजारी शेजारी बसलेले दिसतात, कारण दोघांची हत्यारं एकच आहेत. दाताच्या किड्याचंच बघा. किडा वैद्याच्या हातात आधीच लपवलेला असतो. तोंडातून ‘निघतो’ तो खेळवाल्याच्या गोळीसारखा. फरक इतकाच की खेळ संपल्यावर गोळीवाला टोपी पुढे करतो, आणि वैद्य औषधाचे दाम मागतो.

त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सुलतान नूरुद्दीन झंगीची आहे. एका परदेशी माणसाने हजार दिनार घेतले, कानशीने घासून त्यांचा भुगा केला, त्यात कोळशाची पूड आणि आणखी काहीबाही मिसळून गोळ्या वळल्या आणि वाळवल्या. मग दमास्कसच्या एका अत्ताराला ‘हे तबरमक खुरासानी, फार गुणकारी औषध आहे’ असं सांगून तो माल कवडीमोलाने विकून टाकला. पुढे तोच माणूस किमयागार म्हणून दरबारात पोहोचला. सोनं करायला लागणाऱ्या जिनसांची यादी दिली, त्यात तबरमक होतं. शोध शोध शोधल्यावर ते त्या एकाच दुकानात सापडलं. मुशीत घालून तापवलं आणि तळाला खरंखुरं सोनं उतरलं. सोनं अस्सल होतंच, फक्त ते त्याचंच होतं! आणखी तबरमक आणायला खुरासानला जातो म्हणून सुलतानाने लादून दिलेला माल घेऊन स्वारी गेली, ती कायमची. शहरात एक जण मूर्खांची यादी लिहीत होता, त्याने पहिलं नाव सुलतानाचं घातलं. जाब विचारल्यावर म्हणाला, तो परत आला तर सुलतानाचं नाव खोडून त्याचं लिहीन.

नूरुद्दीन म्हणजे शूर, धार्मिक, न्यायी म्हणून गाजलेला राजा. तोही फसला, कारण माल समोर होता, भट्टी समोर होती, सोनं समोर होतं. आपण ज्याला ‘डोळ्यांनी पाहिलं’ म्हणतो, तेवढ्यावर पुरावा होत नाही. माल बाजारात कुठून आला, कुणी आणला, हे विचारावं लागतं.

त्या काळच्या शहरांत हे विचारण्यासाठी माणूस नेमलेला असे, मुहतसिब. वजनं-मापं, अन्न, औषधं तपासणं हे त्याचं काम. त्याच्यासाठी लिहिलेल्या पुस्तकांत साध्या परीक्षा दिल्या आहेत. दुधात केस बुडवून बाहेर काढा. केसाला दूध चिकटलं नाही तर पाणी घातलं आहे. या कामामागे हदीसमधला प्रसंग होता, जो आपल्या प्रत्येक मदरशात शिकवला जातो : रसूलुल्लाहनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली, आणि ओलं धान्य वर का ठेवलं नाही असं त्यांनी विक्रेत्याला विचारलं. त्यांनी ढीग वरून पाहून सोडला नाही, आत हात घातला.

काही जण मला म्हणतात, ‘सर, असे विषय कशाला उकरता? आपल्यातले ढोंगी बाबा दाखवले की बाहेरचे हसतात.’ या आक्षेपाला जौबरी हेच उत्तर आहे. तो मुसलमान, त्याचा सुलतान मुसलमान, आणि त्याच्या यादीत आपले ढोंगी शेख अगदी सुरुवातीला आहेत. ख्रिस्ती आणि यहुदी ठग त्यांच्या नंतर येतात. त्याच्याही आधी, 981 साली वारलेले हनफी फकीह अबू बक्र अल-जस्सास यांनी ‘अहकामुल कुरआन’मध्ये जादूचा मोठा भाग म्हणजे युक्ती आणि हातचलाखी असल्याचं मांडलं. फिरऔनच्या जादूगारांच्या काठ्या-दोऱ्या हलताना दिसल्या, त्याचं कारण आत भरलेला पारा, असंही त्यांनी नोंदवलं. प्रश्न विचारणं ही आपल्याकडे बाहेरून आलेली गोष्ट नाही.

2013 पासून महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आहे. तो बाबा कोणत्या धर्माचा, हे कायदा विचारत नाही. पण कायदा तक्रार झाल्यावर चालतो, आणि आपल्या मोहल्ल्यांत तक्रार होत नाही, कारण फसलेल्याला लाज वाटते आणि भीतीही वाटते. आजारी मुलाला दवाखान्यात न्यायचे चार दिवस पाण्यावर फुंकर मारण्यात जातात, आणि पुढचं कुणी बोलत नाही.

उरुसाच्या स्टॉलवर मिळणारी जादूची प्लास्टिकची डबी दोन दिवसांत फुटते. माझ्या वर्गातली पोरं ती दरवर्षी आणतात आणि आत दुसरं झाकण कसं बसवलंय ते एकमेकांना उघडून दाखवतात. माल हलका आहे खरा, पण तो उघडून पाहायला कुणी मनाई करत नाही. ज्या डबीला हात लावायची बंदी असते, तिचे पैसे देण्याआधी थांबावं आणि पोरांसारखं विचारावं : आत काय आहे?