१९ जून २०२० : कपाटातल्या टेपा बाजारात

कॅनडात जन्मलेला गायक-गीतकार नील यंग याचा ‘होमग्रोन’ हा अल्बम २०२० साली आजच्या दिवशी प्रसिद्ध झाला. ध्वनिमुद्रण मात्र १९७४-७५चे. म्हणजे पंचेचाळीस वर्षे तयार माल कपाटात पडून!

‘हार्वेस्ट’ने १९७२ मध्ये यंगला घरोघरी पोहोचवले होते. त्याच वळणाची, गिटार-हार्मोनिकाची मऊ गाणी कंपनीला हवी होती आणि ‘होमग्रोन’मध्ये ती होतीही. पण अभिनेत्री कॅरी स्नॉडग्रेसशी संसार मोडत असतानाची ही गाणी यंगला स्वतःलाच ऐकवेनात. त्यात मित्रमंडळींना हा अल्बम ऐकवताना १९७३चा ‘टुनाइट्स द नाइट’ही वाजवला गेला. ‘द बँड’चा रिक डँको त्या दुसऱ्यावर खूश झाला आणि १९७५च्या जूनमध्ये तोच बाजारात आला. अमली पदार्थांनी बळी घेतलेल्या दोन साथीदारांच्या शोकातला तो खडबडीत अल्बम निवडायला धाडस लागते, हे खरेच.

‘होमग्रोन’मधली पाच गाणी पुढे या ना त्या स्वरूपात इतर अल्बमांतून आली, सात तशीच राहिली. त्यांतले ‘फ्लोरिडा’ हे गाणेसुद्धा नव्हे : काचेच्या पेल्याच्या कडेवरून बोट फिरवून काढलेला आवाज आणि त्यावर यंगची बडबड. ते राहिले असते तरी चालले असते. ‘ट्राय’मध्ये मात्र एमिलू हॅरिसची साथ आहे, ते आवर्जून ऐकावे.