ग्रात्सियादिओ इझाया आस्कोली

ग्रात्सियादिओ इझाया आस्कोली (१६ जुलै १८२९, गोरित्सिया – २१ जानेवारी १९०७, मिलान) हे इटालियन भाषाशास्त्रज्ञ होते. इटलीतील तौलनिक भाषाशास्त्राचा आणि शास्त्रशुद्ध बोलीअभ्यासाचा पाया त्यांनी घातला, असे मानले जाते. राष्ट्राची प्रमाण भाषा कशी घडते, या प्रश्नावर त्यांनी मांडलेले विचार विशेष प्रसिद्ध आहेत.

जीवन

आस्कोली यांचा जन्म गोरित्सिया येथे एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्यात होते आणि तेथे इटालियन, फ्रिउली, जर्मन व स्लोव्हेनियन या भाषा कानावर पडत. विद्यापीठीय शिक्षण न घेता त्यांनी स्वाध्यायाने अनेक भाषा आत्मसात केल्या. वयाच्या सतराव्या वर्षी, १८४६ साली, फ्रिउली भाषेचे रुमानियनशी असलेले नाते तपासणारी पुस्तिका त्यांनी प्रसिद्ध केली. इटलीचे राज्य १८६१ मध्ये स्थापन झाले; त्याच वर्षी मिलान येथील विज्ञान-साहित्य अकादमीत त्यांची प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. १८८९ मध्ये ते इटलीच्या सिनेटचे सदस्य झाले.

तौलनिक भाषाशास्त्र

संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या तुलनात्मक ध्वनिविचारावरील त्यांची व्याख्याने १८७० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. लॅटिनमधील ‘केन्टुम’ (शंभर) या शब्दाला संस्कृतात ‘शत’ हा शब्द जुळतो. म्हणजे लॅटिन ‘क’च्या जागी संस्कृतात ‘श’ दिसतो. परंतु लॅटिन ‘क्विस’ (कोण) याला संस्कृतात ‘कः’ हाच शब्द जुळतो, तेथे ‘क’ कायम राहतो. यावरून मूळ इंडो-युरोपीय भाषेत ‘क’सारख्या ध्वनींचे एकाहून अधिक वर्ग असले पाहिजेत, असे आस्कोली यांनी दाखवले. ‘केन्टुम’ आणि ‘सतम’ या नावांनी पुढे रूढ झालेल्या भाषाविभागणीला या संशोधनाचा आधार मिळाला. रोमानी (जिप्सी) लोकांच्या भारतीय कुळातील भाषेवरही त्यांनी १८६५ मध्ये जर्मन भाषेत ग्रंथ लिहिला.

बोलींचा अभ्यास

१८७३ मध्ये त्यांनी ‘आर्किव्हिओ ग्लोत्तोलोजिको इतालियानो’ हे नियतकालिक सुरू केले. त्याच्या पहिल्या खंडातील ‘साज्जी लादिनी’ या प्रबंधात स्वित्झर्लंडमधील ग्राउब्युंडेन, डोलोमाइट पर्वतप्रदेश आणि फ्रिउली येथील बोलींचा एक स्वतंत्र गट असल्याचे त्यांनी प्रतिपादले. उदाहरणार्थ, लॅटिनमधील ‘क्ल’ हे जोडाक्षर इटालियनमध्ये टिकले नाही, फ्रिउलीत मात्र टिकले: किल्लीला इटालियनमध्ये ‘कियावे’, तर फ्रिउलीत ‘क्लाफ’ म्हणतात. असे एखादे लक्षण इतरत्रही आढळू शकते; बोलीगटाची ओळख लक्षणांच्या विशिष्ट समुच्चयावरून ठरते, असे त्यांचे मत होते. या गटाच्या एकतेविषयी विसाव्या शतकात मोठा वाद झाला.

भाषा बदलणाऱ्या समाजाच्या जुन्या उच्चारसवयी नव्या भाषेत उतरतात, हा अधःस्तराचा सिद्धान्तही त्यांनी आग्रहाने मांडला. लॅटिन ‘लूना’ (चंद्र) या शब्दातील ‘ऊ’चा उच्चार फ्रेंच व लोम्बार्ड बोलींत ओठ गोल करून केलेल्या ‘ई’सारखा होतो. या बदलाचे मूळ त्यांनी तेथील पूर्वीच्या केल्टिक भाषकांत शोधले. हे विशिष्ट उदाहरण पुढील काळात विवाद्य ठरले. मात्र अधःस्तराची संकल्पना भाषाशास्त्रात रुजली.

प्रमाण भाषेचा वाद

राजकीय एकीकरणानंतर इटलीतील बहुसंख्य लोक आपापल्या बोलीच बोलत होते. कादंबरीकार अलेस्सान्द्रो मान्झोनी यांनी १८६८ मध्ये शासनाला सादर केलेल्या अहवालात, फ्लॉरेन्समधील सुशिक्षितांची चालू बोली शब्दकोश व शिक्षकांद्वारे देशभर पसरवावी, असे सुचवले. त्यानुसार निघालेल्या कोशाच्या शीर्षकात ‘नवा’ या अर्थी ‘नोवो’ हे तत्कालीन फ्लॉरेन्सचे रूप होते. वस्तुतः फ्लॉरेन्सकडूनच पूर्वी आलेले ‘नुओवो’ हे रूप साऱ्या इटलीत लिहिले जात होते. आस्कोली यांनी आपल्या नियतकालिकाच्या प्रस्तावनेत नेमकी ही विसंगती दाखवली.

त्यांच्या मते, एका शहराची बोली वरून लादून भाषिक ऐक्य साधत नाही. जर्मनीत राजकीय एकता नसतानाही समान लेखनभाषा घडली, कारण तेथे विद्याव्यवहार व्यापक होता. इटलीत ज्ञान मोजक्या लोकांपुरते मर्यादित राहिले आणि शैलीच्या डौलाला अवास्तव महत्त्व मिळाले, हे खरे दुखणे होय. बोली नष्ट करण्याचीही त्यांना गरज वाटत नव्हती. बोली आणि प्रमाण भाषा दोन्ही अवगत असणे त्यांना हितकारक वाटे.

प्रभाव

आस्कोली यांच्या वर्गीकरणाने इटालियन बोलीअभ्यासाची चौकट घालून दिली. विचारवंत अंतोनिओ ग्राम्शी यांनी तुरुंगात लिहिलेल्या भाषाविषयक टिपणांतही आस्कोली–मान्झोनी वादाची दखल घेतली आहे.