जुन्या संगणकांचे जतन आणि रॉमचा प्रश्न : झेडएक्स स्पेक्ट्रमच्या संदर्भात

प्रस्तावना :
इतिहासाच्या साधनांत आता संगणकीय साधनांचीही भर पडली आहे. मात्र जुनी आज्ञावली जपून ठेवली म्हणजे ती वाचता येतेच असे नाही. मोडी न जाणणाऱ्यापुढे दप्तरे मुकी राहतात, त्याप्रमाणे मूळ यंत्र नाहीसे झाले की त्यावरील आज्ञावलीही मुकी होते. अशा वेळी एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राचे कार्य आजच्या संगणकावर घडवून आणणारी प्रणाली, उपयोगी पडते. या प्रणालीस लागणाऱ्या रॉमच्या प्रतीचा प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घेतला आहे.

रॉमचे स्वरूप :
ब्रिटनमधील सिंक्लेअर रिसर्च या कंपनीने एप्रिल 1982 मध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक जाहीर केला. त्याच्या 16 किलोबाइटच्या रॉममध्ये बेसिक भाषेचा अर्थ लावणारी आज्ञावली, कळफलक, पडदा व कॅसेट यांचे नियंत्रण आणि अक्षरांचे आकार कायमचे साठविलेले होते. यातील झेड80 प्रक्रियक सुरू होताच शून्य क्रमांकाच्या पत्त्यावरून पहिली आज्ञा वाचतो आणि रॉमचा आरंभही तेथेच होतो. म्हणून एम्युलेटरला 16,384 बाइटची अचूक प्रत नेमकी त्याच जागी ठेवावी लागते. फाइल न सापडल्यास अथवा अपुरी असल्यास यंत्र सुरूच होत नाही. पुढील स्पेक्ट्रम 128 या यंत्राचा रॉम 32 किलोबाइटचा होता. तेथे जुनी प्रत पुरत नाही.

मालकीचा प्रश्न :
प्रत अचूक असली तरी ती वापरण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न उरतोच. अमेरिकेत ॲपल विरुद्ध फ्रँकलिन या खटल्यात 1983 साली अपील न्यायालयाने रॉममधील आज्ञावलीलाही प्रताधिकाराचे संरक्षण मिळते, असा निर्णय दिला. ब्रिटनमध्ये सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय 1986 साली ॲमस्ट्रॅड कंपनीने विकत घेतला. या कंपनीने 1999 मध्ये प्रताधिकार स्वतःकडे राखून, त्याची सूचना न बदलण्याच्या अटीवर, एम्युलेटरसोबत रॉम देण्यास संमती दिली. परिणामी स्पेक्ट्रमचा एम्युलेटर रॉमसह मिळू लागला.

अमिगा संगणकाची वाटचाल निराळी झाली. 1995 मध्ये त्याचा यूएई हा एम्युलेटर आला. परंतु किकस्टार्ट नावाचा रॉम अशा रीतीने खुला झाला नाही. वापरणाऱ्यास स्वतःच्या यंत्रातून प्रत काढणे किंवा परवानाधारक प्रत विकत घेणे भाग पडले. पुढे स्वतंत्रपणे लिहिलेला पर्यायी रॉम उपलब्ध झाला, तथापि मूळ रॉमवर विसंबलेल्या सर्वच आज्ञावली त्यावर चालत नाहीत.

निष्कर्ष :
या दोन उदाहरणांवरून असे दिसते की, जुन्या संगणकाचे जतन केवळ तांत्रिक कौशल्यावर अवलंबून नसते. काही किलोबाइटच्या रॉमवर एका पिढीने लिहिलेल्या हजारो आज्ञावलींचे वाचन अवलंबून असते. अस्सल प्रत आणि हक्कधारकाची संमती या दोन्ही गोष्टी वेळीच मिळविल्या, तरच हे साधन पुढील अभ्यासकाच्या हाती वाचण्याजोग्या स्थितीत पोहोचेल.